मत सगळ्यांना एकच, मग विषमता टिकते कशी?

पुण्यात घर घेताना माणूस पार्किंग बघतो, पाणी किती वेळ येतं ते विचारतो, दार कुठल्या दिशेला उघडतं तेही बघतो. ही इमारत ‘सोसायटी’ आहे की ‘अपार्टमेंट’, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. पहिल्या वार्षिक सभेत कळलं.

आमची इमारत अपार्टमेंट आहे, म्हणजे 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र नोंदवलेली. कुंपणापलीकडची इमारत 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखालची सोसायटी. दोन्हीकडची लिफ्ट सारखीच कुरकुरते, दोन्हीकडचे वॉचमन एकाच गावचे. पण त्यांच्याकडे वन बीएचकेतल्या आजींना एक मत आणि थ्री बीएचकेवाल्यांनाही एकच मत. वॉचमन, सफाई, जिन्यातला दिवा हा सेवा-खर्चही प्रत्येक घराला सारखा. आमच्याकडे घोषणापत्रात प्रत्येक फ्लॅटसमोर एक टक्केवारी छापली आहे. खर्च त्या टक्केवारीनं वाटला जातो आणि मतंही त्याच टक्केवारीनं मोजली जातात. मोठं घर, मोठं बिल, मोठं मत.

यातलं न्याय्य कुठलं? चहाच्या टपरीवर हा प्रश्न टाकून बघा, संध्याकाळ तिथेच जाते. सोसायटीतला छोट्या घराचा मालक कुरकुरतो, की माझं घर त्यांच्या निम्म्यानं, मग वॉचमनचे पैसे तेवढेच का? तोच माणूस आमच्या अपार्टमेंटमध्ये असता तर पैसे कमी भरले असते, पण सभेत त्याचा हात वर गेला काय आणि खाली राहिला काय.

अर्थशास्त्रात ‘संस्था’ म्हणतात त्या या अशा गोष्टींना. आपण संस्था म्हटलं की पाटी, कार्यालय, शिपाई असं डोळ्यांपुढे आणतो. इथे अर्थ आहे खेळाचे नियम: मत कुणाला, किती, हिशोब कोण तपासणार, तंटा कुणाकडे न्यायचा, आणि नियमच बदलायचा असेल तर किती जण लागतात. विटा आणि माणसं तीच ठेवून नुसता नियम बदलला तरी कुणाच्या खिशातून किती जातं ते बदलतं. आणि उलटंही होतं: ज्याच्या खिशात जास्त आहे तो नियमाला आपल्याकडे वाकवतो. विषमता आणि राजकीय संस्था यांचं नातं असं दोन्ही बाजूंनी ओढलेलं असतं.

आता कोडं बघू. एका गल्लीत दहा घरं आहेत. नऊ घरांत महिना 20,000 रुपये येतात, एका घरात 10 लाख. गल्लीची सरासरी काढा, घरटी 1,18,000 येते. पण मधोमधच्या घराचं उत्पन्न 20,000 च आहे. श्रीमंत थोडे असले की सरासरी वर खेचली जाते आणि बहुतेक माणसं सरासरीच्या खाली राहतात. मग या गल्लीत दर घराला एक मत असेल, तर नऊ घरांनी एकत्र येऊन दहाव्यावर भरपूर कर लावायला हवा. मेल्ट्झर आणि रिचर्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये हेच गणितात मांडलं: विषमता जितकी जास्त, तितका लोकशाहीत फेरवाटपाचा रेटा जास्त. गणित चोख आहे. पण प्रत्यक्षात अनेक देशांत विषमता वाढत गेली आणि रेटा काही त्या मापात वाढला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या कोड्याची दुसरी बाजू आधीच दिसली होती. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत ते म्हणाले, की 26 जानेवारी 1950 ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतो आहोत. राजकारणात समता असेल, एका माणसाला एक मत आणि त्या मताला एकच मूल्य. सामाजिक आणि आर्थिक आयुष्यात मात्र विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेनं पोळलेले लोक हा राजकीय डोलाराच उद्ध्वस्त करतील, असा त्यांचा इशारा होता.

हा इशारा पोकळ नव्हता. लोक उठतात, पण नेहमी मतपेटीतून नाही. त्यासाठी लांब जायला नको, बारामती तालुक्यातलं सुपे पुरे.

तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. 12 मे 1875 ला आसपासचे शेतकरी बाजाराच्या गावी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. धान्याची लुटालूट झाली, पण त्यांनी हट्टानं मागितली ती कागदपत्रं: वह्या आणि कर्जरोखे. त्यांची होळी केली. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. मला विचाराल तर हे ऑडिट होतं, जरा तापलेलं.

कागदच का जाळले? कारण दुखणं कागदात होतं. सावकार इंग्रजांच्या आधीही होताच. पण त्याला गावात राहायचं होतं, वसुली करताना पाटील आणि पंचांची भीड होती. इंग्रजी राज्यात दिवाणी कोर्ट आलं आणि कोर्टापुढे सही-अंगठ्याचा रोखा हाच पुरावा. शेतकऱ्याला वाचता येत नाही, कोर्ट लांबच्या गावी, समन्स पोचलं तरी पेरणी सोडून जाणार कोण? निकाल एकतर्फी लागायचे. त्यात 1859 चा मुदतीचा कायदा आला: रोखा तीनच वर्षं चालणार. हेतू चांगला होता, जुनी कर्जं साचू नयेत. सावकारानं काय केलं? दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. व्याजाचं मुद्दल झालं आणि त्यावर पुन्हा व्याज चढू लागलं. दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगापुढे तर 100 रुपयांच्या कर्जावर 2,000 हून अधिक व्याज लावल्याचं प्रकरण आलं.

वर शेतसारा. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, कर्जही मुबलक मिळत होतं. युद्ध संपलं, भाव उतरला, सावकारानं हात आखडला, आणि नेमकी त्याच सुमारास सरकारनं फेरआकारणी करून सारा 50 ते 100 टक्के वाढवला.

म्हणजे कायद्यापुढे दोघे समान होते. तीच तर अडचण होती. समान कायदा वापरायला जे लागतं (अक्षर, वेळ, वकील), ते एकाकडे होतं आणि दुसऱ्याकडे नव्हतं.

दंग्यांनंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कोर्टानं रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार खणून काढावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, रोखे गावच्या निबंधकापुढे नोंदवावेत, अशा तरतुदी त्यात होत्या. कर्जासाठी खास तारण लिहून दिलेली नसेल तर जमीन विकता येणार नाही, हेही होतं. सावकारांनी त्यालाही वाट काढली: मग थेट जमीनच गहाण लिहून द्या, नाहीतर खरेदीखत करा. नियम आणि पैसा यांचा हा पाठशिवणीचा खेळ लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

मुळात सत्ताधारी गरिबांना मत तरी का देतात? यावर डॅरन असेमोग्लू आणि जेम्स रॉबिन्सन यांचं एक उत्तर आहे (सायमन जॉन्सन यांच्यासह त्यांना 2024 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). गर्दी रस्त्यावर आली की धान्य वाटून तिला शांत करता येतं. पण गर्दीलाही कळतं, की आपण घरी गेलो की वाटप थांबणार. शब्दाला तारण हवं, आणि मत हे तसलं तारण आहे. ब्रिटनमध्ये मताधिकार 1832, 1867, 1884 असा पायरीपायरीनं वाढला त्यामागे उठावाची धास्ती होती, असं ते मांडतात. आपल्याकडे 1935 च्या कायद्याखाली मताला मालमत्ता, कर किंवा शिक्षणाची अट होती, आणि 1951-52 च्या निवडणुकीत एकदम 17 कोटींहून जास्त मतदार झाले. एका झटक्यात, सगळ्यांना. त्याचं कौतुक जगानं केलं आणि ते योग्यच होतं. पण मत हातात आलं तेव्हा जमीन, शाळा, जात हे सगळं होतं तिथेच होतं.

आणि आता उसाकडे. कारण एका माणसाला एक मत असूनही विषमता कशी आत शिरते, हे सहकारी साखर कारखान्याइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही.

सहकाराचा नियम लोकशाहीचाच: तुझा एक एकर असो की पन्नास, सभासद म्हणून मत एकच. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी नगर जिल्ह्यात प्रवरेला सहकारी कारखान्याचा जो प्रयोग उभा केला, त्यातून महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचं रूप पालटलं, हे कुणी नाकारू नये. शिवाय दुसरा नियम: एका हंगामात सगळ्या सभासदांना टनाला एकच दर. अध्यक्षाच्या उसालाही तोच.

अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे यांनी महाराष्ट्रातल्या जवळजवळ शंभर सहकारी कारखान्यांची 1971 ते 1993 या काळातली आकडेवारी तपासली आणि 2001 मध्ये निष्कर्ष छापले. त्यांचा तर्क सांगतो, त्यात एक गंमत आहे.

समजा संचालक मंडळावर बड्या बागायतदारांची पकड आहे. त्यांना स्वतःसाठी जादा पैसे काढायचेत. पण दर सगळ्यांना एकच, त्यामुळे आपल्याच उसाला जास्त भाव घेता येत नाही. मग मार्ग उरतो उलटा: दर सगळ्यांचाच कमी ठेवायचा. जो पैसा ऊसबिलात गेला असता तो कारखान्यात राहतो, आणि कारखान्यातला पैसा कुठे वळवायचा ते मंडळ ठरवतं. दर कमी ठेवल्यानं बड्या शेतकऱ्याचंही नुकसान होतं, पण त्याचं दुसऱ्या वाटेनं भरून येतं. लहान शेतकऱ्याला ती दुसरी वाट नसते. सभासद सगळे सारखेच असतील, सगळे लहान किंवा सगळे मोठे, तर हा उद्योग कुणाच्याच फायद्याचा नाही. म्हणून जिथे जमिनीची वाटणी जास्त विषम, तिथे ऊसदर कमी पडायला हवा. आकड्यांतही तेच दिसलं. इतकंच नव्हे, अशा ठिकाणी कारखान्याची गाळप क्षमताही कमी निघाली. विषमतेनं नुसती भाकरी वेगळी वाटली गेली असं नाही, भाकरीच लहान झाली.

मग लहान सभासद बहुसंख्य असूनही मंडळ का पाडत नाहीत? हा प्रश्न मी माझ्या मामांना विचारला होता. भीमेच्या पट्ट्यात त्यांचा दीड एकर ऊस असायचा. मामा म्हणाले, “अरे, मत पाच वर्षांतून एकदा टाकायचं. तोडणीची टोळी दर वर्षी यावी लागते.” बाहेरच्याला हे पटकन कळत नाही. ऊस तोडला की लगेच गाळपाला जावा लागतो, नाहीतर साखर उतरते. तोडणी लांबली तर उसाला तुरा येतो, वजन घटतं. टोळी कुणाच्या फडात आधी जाणार याची यादी असते, आणि यादी कुणीतरी तयार करत असतं. त्या काळी झोनबंदी होती, आपल्या हद्दीबाहेरच्या कारखान्याला ऊस घालायची सोय नव्हती. एका वर्षी मामांनी सर्वसाधारण सभेत उभं राहून ऊसबिलातल्या कपातीचा हिशोब मागितला. त्या हंगामात त्यांचा ऊस अगदी शेवटी तुटला. योगायोग असेल. पुढच्या वर्षी मामांनी हिशोब मागितला नाही.

मला वाटतं, गल्लीच्या गणितात जे बसत नाही ते मामांच्या वाक्यात बसतं. मत एका दिवसाचं असतं आणि संस्था रोज चालते. ती रोजची यादी, बिलाची तारीख, फाइल कुठल्या टेबलावर आहे, यावर ज्याचा हात असतो त्याचं मत कागदावर एकच असलं तरी वजन जास्त भरतं.

शहरात यापेक्षा वेगळं काही नाही, फक्त उसाच्या जागी जमीन घाला. कुठे आरक्षण पडणार, रस्त्याची रुंदी किती, एफएसआय (म्हणजे जागेच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) किती मिळणार, हे ठरतं विकास आराखड्यात. आराखडा जाहीर झाला की ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवतात. दार सगळ्यांना उघडं आहे. पण नकाशा वाचायचा, आपला सर्व्हे नंबर शोधायचा, योग्य कलम लिहून अर्ज द्यायचा, सुनावणीला कामाच्या दिवशी हजर राहायचं, हे बिल्डरच्या आर्किटेक्टचं रोजचं काम आहे. वस्तीतल्या धुणंभांडी करणाऱ्या बाईची त्यात दिवसाची रोजी बुडते. सुप्याच्या शेतकऱ्याचं लांबच्या गावचं कोर्ट आठवा.

पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूक न होता कारभार प्रशासकाकडे राहिला. त्यावर खूप चर्चा झाली, पण एका गोष्टीवर कमी. नगरसेवकाला आपण नावं ठेवतो. मीही ठेवली आहेत, आणि पुन्हा ठेवीन. पण ड्रेनेज तुंबलं, नळाला पाणी आलं नाही, तर वस्तीतल्या माणसाला ठाऊक असलेलं दार तेच असतं. ज्याचं काम एफएसआयचं आहे, त्याला आयुक्तांच्या कार्यालयाचा आणि मंत्रालयाचा रस्ता आधीपासून माहीत असतो. निवडून आलेलं सभागृह नसलं की तोटा सगळ्यांचा होतो असं म्हणायची पद्धत आहे. सगळ्यांचा होतो, पण सारखा होत नाही.

निवडणुकीच्या पैशाबद्दल थोडक्यात. 2022 पासून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख खर्चाची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. दार लावलं आणि भिंत बांधायची राहिली, असा हा प्रकार. कंपन्यांनी देणग्या किती द्याव्यात याला पूर्वी नफ्याच्या 7.5 टक्क्यांची मर्यादा होती. ती 2017 मध्ये काढली गेली. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोखे (नाव न उघडता पक्षाला देणगी द्यायची सोय) घटनाबाह्य ठरवले, तेव्हा हा बदलही रद्द केला.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की चक्र एकदा बसलं की बसलं. तसं नाही. तुमच्या पगाराच्या स्लिपवर बघा. पी.टी. म्हणून 200 रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500. हिंजवडीतल्या माझ्या भाच्याला वाटायचं हे प्रॉव्हिडंट फंडाचंच काहीतरी असावं. हा व्यवसाय कर, 1975 च्या कायद्यानं लावलेला, आणि तो आला रोजगार हमी योजनेसाठी. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या योजनेला पुढे 1977 चा कायदा मिळाला: काम मागेल त्याला काम. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराला दिलेले पैसे. देशभरचा कायदा व्हायला 2005 उजाडलं.

शहरानं हे मान्य का केलं? निव्वळ करुणेनं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खेड्यात काम मिळालं तर लोंढे पुण्या-मुंबईला येणार नाहीत, हा हिशोब होता. आणि मजुरांनी खणलेल्या पाझर तलावांचं पाणी ज्याच्या विहिरीला लागायचं, तो जमीनवालाच होता. म्हणजे गरिबाच्या फायद्याचा नियम टिकला, कारण वरच्यांनाही त्यात काहीतरी हाती लागत होतं. त्यातली महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे: पैशाला स्वतःचा स्रोत होता आणि काम मागणं हा कायद्यानं दिलेला हक्क होता. साहेबांच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमालांकडे बघा, तिथेही असंच. 1969 च्या माथाडी कायद्यानं मंडळं तयार केली. व्यापाऱ्यानं हमाली आणि लेव्ही (हमालीवरची ठरावीक जादा रक्कम) मंडळात भरायची, मंडळ हमालाला मजुरी देणार, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी बाजूला ठेवणार. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. मजुरीच्या आकड्याइतकंच पैसे कुणाच्या हातून जातात यालाही इथे महत्त्व आहे. मजुरी गाळ्यावरच्या शेटजींच्या हातून येत असेल, तर हमाल त्यांच्याविरुद्ध बोलताना मामांसारखा दोनदा विचार करतो. मंडळातून आली तर एकदाच. अर्थात कायदा छापल्यानं हे झालं नाही, पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारखी संघटना मागे उभी होती. जिथे संघटना नाही तिथे मंडळाला बगल देणारे लोक लगेच सापडतात. खरेदीखत लिहून घेणाऱ्या सावकारांची परंपरा मोठी आहे.

आमच्या इमारतीत गेल्या उन्हाळ्यात टँकरचा प्रश्न निघाला. टँकर दिवसाआड मागवायचा की रोज, यावर छोट्या घरांचं आणि मोठ्या घरांचं जमेना. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या जोशी काकूंनी लेखी ठराव दिला, की निदान पाण्याच्या बाबतीत एका घराला एक मत धरावं. रविवारी सभा झाली. नेहमी न येणारे भाडेकरूसुद्धा जिन्यात येऊन उभे राहिले. ठरावाच्या बाजूनं एकवीस हात वर झाले, विरोधात नऊ. काकू हसल्या. कुणीतरी टाळी वाजवली. खजिनदार म्हणाले, “थांबा,” आणि त्यांनी चष्मा लावला, फाइलमधून घोषणापत्राचं शेवटचं पान काढलं आणि मोबाइलवर टक्केवारीची बेरीज सुरू केली.